बसऱ्याच्या चित्रातले डावखुरे

कंग्राळीच्या मालुबाईचा एकुलता एक मुलगा रवळू पलटणीत होता. तो बसऱ्याकडं आजारानं वारला, एवढंच सरकारी कागदात होतं. हगवणीनं गेला, हे त्याच्या सोबतचा पिरनवाडीचा शिपाई येऊन सांगून गेला.

पाच महिन्यांनी, १९१७ च्या उन्हाळ्यात, पेन्शनर हवालदार मारुतीराव भरतीसाठी गावात आले. चावडीच्या भिंतीवर त्यांनी मोठं रंगीत छापील चित्र लावलं. खजुरीची झाडं, पळणारे तुर्क आणि तलवारी उपसून धावणारे आपले शिपाई. मालुबाईला मुद्दाम बोलावून घेऊन त्यांनी निशाण धरलेल्या शिपायावर बोट ठेवलं आणि जमलेल्या पोरांना सांगितलं, की हा आपला रवळू, असा लढता लढता गेला.

मालुबाई जवळ गेली. पोराचा चेहरा शोधताना तिची नजर तलवारींवर अडली. सगळ्या डाव्या हातांत होत्या.

हेच चित्र, फक्त मागं खजुरीऐवजी डोंगर असलेलं, तिच्या घरात कैक वर्षं होतं. नवरा परशराम काबूलच्या लढाईतून आला, तेव्हा पलटणीत वाटलेलं ते चित्र घेऊन आला होता. त्याचे सोबती वाटेत पाण्यावाचून मेले होते. चित्र बघितलं की तो चिडायचा. "आमची पलटण काय सगळी डावखुरी व्हती?" म्हणायचा. प्लेगात तो गेला आणि त्याच्या अंथरुणाबरोबर चित्रही जाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गवत कापायचा विळा कमरेला तसाच ठेवून, चित्राखाली नाव होतं त्या बेळगावच्या छापखान्यात गेली. दगडावर चित्रं काढणारा म्हातारा कारागीर गुंडाप्पा तिच्याशी खोटं बोलला नाही. तरुणपणी त्यानं इंग्रजी वर्तमानपत्रातली लढाई दगडावर जशीच्या तशी उतरवली. कागदावर छापताना ती आरशातल्यासारखी उलटी उमटली, उजव्याचं डावं झालं. कोण बघतंय, म्हणून मालकानं तशीच विकली. आता त्याच दगडावरचे काबूलचे डोंगर खरवडून त्यानं खजुरी काढल्या होत्या.

"आणि ह्यो निशाणवाला?" मालुबाईनं विचारलं.

"त्यो कुणीच न्हाय, आक्का."

तिनं विळा उपसला आणि दगडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. मग पुन्हा ओढला. माणसं धावली. गुंडाप्पा जागचा हलला नाही. मालकानं पोलीस बोलावला, तेव्हा दगड आपल्याच हातून बिघडला, असं त्यानं सांगितलं. मालुबाईला सोडलं. गुंडाप्पाला मालकानं त्याच दिवशी कामावरून काढलं.

ती तडक चावडीवर आली आणि चित्र भिंतीवरून ओरबाडून काढलं. तू पोराच्या मरणाचा अपमान करतेस, असं मारुतीराव म्हणाले.

"माझा पोरगा हगवणीनं मेला," ती म्हणाली. "तसाच चित्रात काढा. त्याच्या अंगावरच्या माश्या काढा. मग बोलवा ह्या पोरांस्नी."

नऊ पोरांनी नावं दिली होती. चौघांनी परत घेतली. बाकीचे पाच जण त्याच आठवड्यात स्टेशनाकडं निघाले, तेव्हा मालुबाई वाटेवर उभी होती. पोरांना घेऊन चाललेल्या मारुतीरावांनी तिला रामराम घातला. त्यांनी मान खाली घालेपर्यंत ती त्यांच्याकडं बघत राहिली.