टाचणीची परीक्षा

बुटांना तळ चिकटवायच्या टेबलाशी मावशी एकोणीस वर्षं उभी होती. ब्रशवर त्या उग्र वासाच्या, चिकट सोल्यूशनचे गोळे धरतात म्हणून ते बोटानंच लावायचं. हातमोजे मागितले की मुकादम विचारायचा, लग्नाला निघालीस का?

दर सहा महिन्यांनी कारखान्याचा डॉक्टर टाचणी घेऊन बसे. डोळे मिटायचे, टोचलं की हो म्हणायचं. चुकली तिला दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवत. बायकांनी त्यावर तोड काढली होती. डॉक्टर वाकला की त्याची खुर्ची कुरकुरते. कुरकुरली की हो. नव्या पोरींना ही विद्या मावशीच शिकवायची, हसत हसत.

परवा तिनं नातीच्या आंघोळीचं पाणी हात घालून पाहिलं. कोमट वाटलं. पोरीच्या पाठीवर फोड आले. लेक बाळ उचलून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज मावशी डॉक्टरसमोर बसली. भिंतीवरच्या तक्त्यात सोललेला माणूस होता, अंगभर पिवळ्या नसा. कातडीखाली टोच, ऊन, गारवा टिपणारी टोकं असतात, त्यांचे निरोप कण्यातून मेंदूत जातात, हे डॉक्टर फावल्या वेळी समजावायचा. लांब नसा आधी मरतात, म्हणून आधी पाय, मग हात, हेही. कशानं मरतात ते मात्र त्यानं कधी सांगितलं नाही.

मावशीनं डोळे मिटले. खुर्ची कुरकुरली. ती गप्प. पुन्हा कुरकुरली. गप्पच. मग त्यानं मुद्दाम अंग हलवून खुर्ची दणकून वाजवली, आणि तिला कळलं, या मेल्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

"हो म्हणा ना, मावशी," तो हळूच म्हणाला. "नोकरी जाईल."

तिनं डोळे उघडले. बोटावर रक्ताचे तीन थेंब होते.

"जाऊ दे. मला काही जाणवलं नाही, तसं लिहा."

"तुमचं लिहिलं की बाहेरच्या वीस जणींचंही लिहावं लागेल."

"मग वीसदा लिहा."

त्यानं लिहिलं. टाचणी खाली ठेवताना ती त्याच्याच बोटाला लागली आणि त्यानं झटकन हात मागे घेतला. त्याच्या नसा शाबूत होत्या.

दारातल्या बायकांनी सगळं ऐकलं होतं. काहींनी तिच्याकडे रागानं पाहिलं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. रांगेत पहिली उभी होती तिला मावशीनंच शिकवलं होतं.

"आता मी काय करू?" तिनं विचारलं.

"टोचलं तर हो म्हण," मावशी म्हणाली. "नाही टोचलं तर नाही म्हण."