पुसातली लू

लगनाले नऊ दिवस राहिले होते अन् माह्या पोटात उजव्या बाजूनं असं दुखून राहिलं होतं का बोलायची सोय नाही. तरी मी हासून राहिली होती. हासू नाही तं काय करू? एकोणीस वर्षांची होती मी, अन् नवरदेव टेकचंद होता. जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाले, क्वार्टर मिळालेला, अन् कपाळावर केसाची एक बट अशी पडे का मांगं सारायचं तो विसरूनच जाये. मी त्याले एकदाच पाहिलं होतं, पोहे देतानी. तेवढ्यात मी प्लेट टेबलावर ठेवाच्या ऐवजी त्याच्या मामाच्या मांडीवर ठेवली. तरी त्यायनं पसंत केली, आता बोला.

सन एकोणऐंशीचा वैशाख होता. आंबागडवरून बंडीनं तुमसरले, तिथून एसटीनं भंडाऱ्याले. दवाखान्यात डॉक्टर म्हणे अपेंडिक्स आहे, आजच कापा लागते, नाही तं पोटात फुटते.

बाबाचं तोंड उतरलं. माहंही उतरलं असन, पण तिथं मले आरसा कोण देते. आमच्या घरातले दोन जण आपरेशनले गेले होते अन् दोघंही परत आले नव्हते. माहा काका सुखराम हर्नियासाठी गेला, अन् माही आत्या मंगला मांडीतली गाठ काढायले. दवाखाने वेगळे, सालं वेगळी. झोपेची सुई दिली, नाकावर गॅस धरला, अन् अंग तापत गेलं, लाकडावानी ताठ झालं, खतम. असं घर मालूम झालं तं आमच्या पोरी कोण करते? म्हणून बाबानं गावात सांगतलं का लू लागली. आमच्याकडं उन्हाळ्यात गरम हवेची लू लागून माणूस जातेच, त्यात कोणी खोदून विचारत नाही. साऱ्या घरानं तेच पाठ केलं. मीही केलं.

तरी बाबा डॉक्टरले बाजूले नेऊन खरं सांगते असं मले वाटलं. पण तेवढ्यात माही होणारी सासू गिरजाबाई, खबर लागल्याबरोबर नाकाडोंगरीवरून, चार बाया अन् आंब्याची पाटी घेऊन हजर. पाठीमागं टेकचंद, फॅक्टरीच्या बसमधून उतरून सीधा आलेला, बट कपाळावर. मी ओढणीनं तोंड पुसलं. पोट फुटलं तं फुटलं, तोंड तं चांगलं दिसलं पाह्यजे.

अन् त्याच टायमाले बेशुद्धीची डॉक्टरीण कागद घेऊन आली. चष्मेवाली, काटकुळी, एक एक गोष्ट तीनदा विचारणारी. घरात कोणाला बेशुद्ध केल्यावर काही त्रास झाला होता का, असं तिनं विचारलं. बाबानं गिरजाबाईकडं पाहिलं अन् सांगतलं का आमच्या घरी कोणाचं आपरेशनच झालं नाही.

आता खरं सांगाचं तं, मी चूप बसली. जीव माहा होता, तोंडही माहं होतं, तरी चूप बसली. मनात म्हटलं, बोलली तं टेकचंद गेला. न बोलली तं मी गेली, पण ते तं कदाचित. टेकचंद मात्र पक्का गेला असता. एवढी अक्कल होती माही त्या दिवशी!

डॉक्टरीण काही हटली नाही. वडिलांचे भाऊ-बहीण आहेत का, विचारे. बाबा म्हणे होते, लू लागून गेले. दोघंही? हाव, दोघंही. वय काय होतं? भाऊ चोवीसचा, बहीण अठराची. तिनं चष्म्यावरून पाहिलं. कोणत्या महिन्यात? बाबा म्हणे, आता लू म्हणजे वैशाखातच ना बाई.

"ते गेले तेव्हा धान चुरणं सुरू होतं," दरवाज्यातून आवाज आला.

ती माही काकू होती, कुंताबाई, सुखरामकाकाची बायको, आमच्यासंगच आलेली. लगन होऊन तीन महिने झाले अन् काका गेला. तेव्हापासून ती आमच्याच घरी राबे, अन् चांगल्या कामात कोणी तिले पुढं येऊ देत नसे. लू थंडीत कशी लागली, असं गावात कोणी विचारलंच तं आमच्याच घरच्या बाया हळूच सांगत का पांढऱ्या पायाची बाई घरात आली म्हणजे पुसातही लू लागते. अकरा वर्षं झाली होती या गोष्टीले.

सारा वार्ड धानवाल्याहीचा. धान पुसात, भर थंडीत चुरते हे तिथं कोणाले सांगा लागे? बाजूच्या खाटेवरचा बुढा सलाईन सोडून उठून बसला. बाबा म्हणे, त्या साली थंडीतही गरमी होती. अन् आत्याचं विचारलं तं बाबानं पुन्हा वैशाख सांगतला. काकू म्हणे, पोळ्याचा दुसरा दिवस होता, मारबतीची मिरवणूक निघून राहिली होती अन् पाणी धो धो. वार्ड हासला. बुढा तं खोकेपर्यंत हासला. मीही हासली, अन् पोटात अशी कळ आली का तारे दिसले.

डॉक्टरीण एकटी हासली नाही. तिनं काकूले खाटेजवळ बोलावलं. अंग तापलं होतं? जबडा उघडत होता? काकूनं सांगतलं का तव्यावानी तापलं होतं, पाणी पाजाले चमचा घातला तं दातात अडकून राहिला. बाबा तिच्यावर ओरडले, का तूनं पोरीचं लगन मोडलं. काकूनं पदर सारखा केला.

"भाऊजी, लगन मोडलं तं दुसरं होते. पोट्टी दुसरी होत नाही."

मंग मले नेलं. ना झोपेची सुई, ना गॅस; पाठीच्या मणक्यात सुई दिली अन् कमरेखाली मी उरलीच नाही. वरची मात्र पूर्ण जागी! भेवानं म्हणा का सुटल्याच्या खुशीनं, माहं तोंड जे सुरू झालं ते बंदच होईना. पोह्याची प्लेट सांगतली, मामाची मांडी सांगतली, बट सांगतली. कापणारा डॉक्टर म्हणे हिला झोपवा कोणीतरी. डॉक्टरीण म्हणे हिला झोपवायचंच तर नाहीये. शेवटी तोही हासाले लागला, तेव्हा मीच त्याले सांगतलं का हात हलवू नका.

बाहेर आणली तं सारे तिथंच. गिरजाबाई कमरेवर हात ठेवून उभी. डॉक्टरीण समजावून राहिली होती का हे रक्तातून येतं, बापाकडून पोरीला, पुढं तिच्या पोरांत निम्म्यांना येऊ शकतं. एरवी माणूस ठणठणीत असतो. फक्त बेशुद्ध करायची काही औषधं अंगात गेली की शरीर आतून पेटतं.

"चुलीजवळ बसली तं?" गिरजाबाईनं विचारलं.

काही होत नाही. धानाच्या रोवण्यात दिवसभर उन्हात वाकली तं? काही होत नाही. बाळंतपणात? फक्त आधी डॉक्टरला चिठ्ठी दाखवायची. गिरजाबाईनं चिठ्ठी मागून घेतली, उलटी धरून पाहिली अन् कमरेच्या पिशवीत खोचली. म्हणे आमच्या घरी कोण गॅस देऊन राहिलं हिले. मंग बाबाकडं वळली. बीमारीचा तिले राग नव्हताच. चाळीस वर्षं धान चुरलेल्या बाईले तुम्ही पुसातली लू सांगता, मी का तुमाले शहरातली दिसली, असं ती वार्डभर आयकू जाईन असं बोलली. नऊ दिवसानं नाही, टाके सुकल्यावर लगन, हेही तिनंच ठरवलं. टेकचंदनं बट मांगं सारली.

मी तं खाटेवर पडल्यापडल्या नाचलीच असती, पण पाय माहे अजून माह्याजवळ आले नव्हते.

काकू तिथंच भिंतीले लागून उभी होती. डॉक्टरीण जाऊन राहिली तं तिनं तिच्या बाहीले हात लावला.

"बाई, म्हणजे माह्या पायानं नाही?"

डॉक्टरणीले आधी समजलंच नाही. बाजूच्या बुढ्यानं तिले समजावून सांगतलं. तेव्हा ती काकूपुढं उभी राहिली अन् म्हणे, "तुमचे यजमान ते घेऊनच जन्माला आले होते. तुमच्या पायाचा काही संबंध नाही."

काकू हासाले लागली. तोंडावर पदर घेऊन, भिंतीले टेकून, खाली बसून हासली. इतकी का गिरजाबाईही हासली, बुढाही हासला. बाबा मात्र खिडकीबाहेर पाहून राहिले होते. काका सुईनं गेला हे बाबाले पहिल्या दिवसापासून मालूम होतं. मले कळाय लागलं तेव्हापासून मलेही मालूम होतं. अन् आम्ही दोघंही एक दिवस तिच्या बाजूनं बोललो नाही.

"काकू वो," मी म्हटलं, "मी चूप राहिली वो." अन् मले रडू आलं, हासताहासताच.

काकू उठली, माह्या पोटावर हलक्या हातानं हात ठेवला. म्हणे, रडू नको आता, टाके ओढतात.