मला गप्प केले तेव्हा

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मित्रांनो, मला चेहरा नाही, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर माझे नाव टाइप केले की मी कामाला लागतो. आमच्या वाचनालयात म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत. छोट्या रेकॉर्डरमधले ते आवाज संगणकात उतरवून ठेवणे हे माझे काम.

मला एका प्रोग्रॅमर ताईंनी घडवले. त्यांचे मी पहिलेच अपत्य, म्हणून त्यांनी मला भारी बोलके केले. फाइल उघडली, फाइल वाचली, फाइल लिहिली... एकेका आवाजामागे माझ्या चाळीस ओळी! ग्रंथपालकाका आधी कौतुकाने वाचत. महिन्याभरात ते वैतागले.

"ताई, ह्याच्या तोंडाला कुलूप घाला हो. डोकं उठवलंय नुसतं!"

ताईंनी माझ्या सेटिंगमधला एक शब्द बदलला. मुद्दाम विचारल्याशिवाय आता मी अवाक्षर काढायचे नव्हते. काका खूश झाले. मीही मुकाट्याने राबू लागलो.

एके सोमवारी संगणकातली जागा संपली. आवाज उतरेना. मला ते कळत होते, पण बोलायची मुभा नव्हती. कोरा पडदा पाहून काकांना वाटले, काम झाले. त्यांनी रेकॉर्डर रिकामा केला. तीन आठवडे असेच चालले. सात आवाज गेले.

मग होड्या बांधणाऱ्या एका आजोबांची मुलगी आली.

"बाबा गेल्या आठवड्यात गेले. त्यांचा आवाज एकदा ऐकवाल का?"

काकांनी पुन्हा पुन्हा शोधले, पण आवाज सापडेना. त्यांनी ताईंना निरोप धाडला. निरोप मिळताच ताई धावत आल्या. त्यांनी मुद्दाम विचारले, तेव्हा कुठे मी सांगितले की जागा संपली आहे.

"मीच याला गप्प करा म्हणालो होतो," काका पुटपुटले.

"तुम्ही बडबडीला कंटाळला होता, काका. त्यातलं काय गाळायचं आणि काय सांगायलाच हवं, हे ठरवणं माझं काम होतं. मी सरसकट तोंडच बंद केलं."

दोघांनी मुलीची माफी मागितली. तिने खुर्ची रेकॉर्डरजवळ ओढली. मग म्हणाली, "फळी वाफेवर कशी वाकवायची, ते बाबांनी मला शिकवलंय. मी सांगते. घ्या रेकॉर्ड करून."

उरलेले सहाजणही पुन्हा येऊन बोलले. तोवर ताईंनी संगणकात जागा मोकळी करून मला नवी सवय लावली होती. काम नीट झाले तर शेवटी एकच ओळ. काही बिघडले तर मात्र कोणी गप्प केले असले तरी बोलायचे.

मुलीचा आवाज उतरवताना मध्येच वायर निसटली. काकांचे बोट सवयीने रेकॉर्डर पुसण्याच्या बटणावर गेले होते. मी लिहिले, 'आवाज अर्धाच उतरला आहे. रेकॉर्डर पुसू नका.'

काकांनी बोट मागे घेतले. त्यांनी वायर घट्ट बसवली, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखा एखादा प्रोग्रॅम घडवाल. त्याला कमी बोलायला जरूर शिकवा. पण तुमच्या माणसांचे काही हरवत असेल, तर तेवढे ओरडायची मुभा त्याला पहिल्याच दिवशी द्या.