पुठ्ठ्यातला खिसा

मी एक जुना कायद्याचा ग्रंथ आहे. हॉलिस काउंटीच्या न्यायालयातील वाचनालयात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मला लिहिणाऱ्या प्राध्यापकबाईंनी माझ्यापायी आयुष्याची अकरा वर्षे घातली. आमच्या राज्याची घटना काय सांगते, गावच्या अधिकाऱ्याचा हात कुठवर पोहोचतो आणि पोटासाठी परदेशातून आलेल्या माणसाला तो धरून ठेवू शकतो का, याच विचारात त्या बुडालेल्या असत. वकील मला मांडीवर घेऊन बसत. मलाही थोडी मिजास होतीच.

माझ्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा आहे. कायदा बदलला की नवी पुरवणी येते आणि ती त्यात खोचतात. आधी खिसा बघायचा, मग पान, हा इथल्या वकिलांचा नेम.

एका शुक्रवारी सकाळी लॉर्ना व्हिटकोम या वकीलबाई धावतपळत आल्या. मागोमाग डेल्फिना. तिचा नवरा आन्सेल्मो घरांची छपरे बसवायचा. परवान्याशिवाय गाडी चालवली म्हणून तो पकडला गेला होता. न्यायाधीशांनी त्याला सोडले, तरी काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, म्हणजे शेरीफने, तुरुंगातून हलू दिले नाही. 'आम्ही येईपर्यंत याला धरून ठेवा,' अशी स्थलांतर खात्याची चिठ्ठी आली होती. दुपारी त्यांची गाडी यायची होती.

लॉर्नाबाईंनी घाईघाईने माझे चारशे बारावे पान उघडले आणि त्यांचा चेहराच पडला.

"काय लिहिलंय, बाई?"

"शेरीफला ठेवता येतं म्हणतंय. आपलं काही चालणार नाही, डेल्फिना."

"नीट बघा ना हो! एवढं जाडजूड पुस्तक, आणि आमच्या बाजूची एक ओळ नाही त्यात?"

होती! खिशातल्या पुरवणीत, तिसऱ्याच पानावर. सुटलेल्या माणसाला असे अडकवणे म्हणजे नवी अटकच, आणि तो अधिकार आमच्या राज्याने शेरीफला दिलेला नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. पण मला तोंड कुठे आहे?

लॉर्नाबाई फोन करायला बाहेर गेल्या. डेल्फिनाने मला उचलले, तशी पुरवणी खिशातून अर्धी बाहेर आली. माझा जीव भांड्यात पडला. पण पडून हरवू नये म्हणून त्या भल्या बाईने ती बोटाने हळूच आत सारली आणि मला फळीवर नीट उभे केले.

दुपारी आन्सेल्मोला नेले.

सोमवारी लॉर्नाबाई दुसऱ्याच खटल्यासाठी आल्या. या वेळी त्यांनी आधी खिशात हात घातला. वाचता वाचता त्या जमिनीवरच बसल्या. मग त्यांनी डेल्फिनाला फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"माझं चुकलं गं. शुक्रवारी मी खिसा बघितलाच नाही. त्याला ठेवायला नको होतं."

"मग दाखवा ना त्यांना आता! आणतील ना परत?"

"तो आता दुसऱ्या राज्यात, स्थलांतर खात्याच्या छावणीत आहे, डेल्फिना. तिथं आपल्या राज्याचा कायदा चालत नाही."

डेल्फिनाने फोन ठेवला.

मित्रांनो, पुस्तके जपा, असे तुम्हाला सगळे सांगतात. मला खूप जपले आहे, माझा एक कोपराही दुमडलेला नाही. तुम्ही मला चुरगळा, हवे तर फाडा. पण कुणाचे माणूस अडकले असेल, तर मला शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत उघडा.