पाकटांची फांदी

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. ठाण्यातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या भिंतीवर राहतो. खोपटला गाड्यांच्या पाट्या रंगवणाऱ्या धोंडीबा पेंटरने मला रंगवलं. त्याने उरलासुरला रंगही वाया घालवला नाही, म्हणून माझ्यावरच्या शार्कची शेपटी एसटीसारखी लाल आहे.

माझ्यावर शार्क आणि पाकट या चपट्या, पंख्यासारख्या माशांची वंशावळ आहे. रचना मॅडम नोकरीला नव्या होत्या, तेव्हा त्यांनी ती त्या वेळच्या पुस्तकावरून काढून दिली. एंजल शार्क पाकटासारखा चपटा. एका शार्कच्या तोंडापुढे करवत, तर पाकटांतही एक करवतवाला. चेहरे जुळले, नातं ठरलं! पाकटांची फांदी शार्कच्या झाडावर, या दोघांच्या शेजारी बसली. बारशाला जमलेली माणसंही बाळाचं नाक बघून असंच ठरवतात.

मॅडम दर वर्षी पाकटावर पट्टी टेकवून म्हणायच्या, "ही शार्कची लेक." मुलं ते उतरवून पास व्हायची. मीही ताठ लटकायचो.

यंदा डोंबिवलीच्या संचिताने हात वर केला. "मॅडम, लेक नाही, बहीण. जनुकं तपासली तर पाकटं पार बुंध्यापाशीच वेगळी झालेली दिसतात. सगळे शार्क एकीकडे, सगळी पाकटं एकीकडे."

"अगं, मग ती करवत?"

"दोघांकडे आपापली उगवली. आणि एंजल शार्क चपटा असला तरी कल्ल्यांच्या फटी कडेला आहेत ना. पाकटांच्या पोटाखाली असतात."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पुढचे काही दिवस मॅडम नवे लेख वाचत बसल्या. मग मला खाली उतरवून म्हणाल्या, "पोरगी बरोबर आहे. इतक्या मुलांना मी काय शिकवलं गं बाई!"

प्रयोगशाळा झाडणाऱ्या जाईबाईंनी मला चाचपलं. "फाडू का मग? सुती आहे, पुसायला झकास."

मी आपोआप गुंडाळला जाऊ लागलो.

"थांबा हो मावशी. कात्री द्या. आणि सुई-दोरा."

मॅडमनी फक्त पाकटांची फांदी कापली आणि खाली बुंध्यापाशी शिवली.

"टाके सैल पडलेत, मॅडम," जाईबाई म्हणाल्या.

"मुद्दामच घातलेत. उद्या आणखी काही कळलं, तर उसवायला बरं."

आता माझ्या मधोमध एक भोक आहे. त्यातून भिंत दिसते. "हे भोक कसलं?" असं नवी मुलं विचारतात आणि मॅडमचा तास तिथूनच सुरू होतो.

मित्रांनो, तुमच्याकडचं जुनं काही चुकीचं निघालं, तर लगेच त्याचं फडकं करू नका. आधी सुई-दोरा शोधा. आणि टाके जरा सैलच घाला.