फोटो तुमचाच ना?

“‘आपल्या ब्लॉगचे आम्ही नियमित वाचक आहोत,’” लेक मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवत होती. “‘आपली प्रवासवर्णनं आम्हाला फारच भावली.’”

“माझी प्रवासवर्णनं?” सिस्टर भाजी निवडता निवडता थांबल्या. “मी कुठे गेले होते गं?”

“पुढे ऐक तर. ‘आमच्या बॅगा आपण वापरून बघाव्यात आणि त्यांबद्दल चार शब्द लिहावेत. सोबतची फाइल उघडून आजच आपली माहिती भरावी.’”

“आजच? नासतायत का त्यांच्या बॅगा? काढून टाक ते. आणि फाइल उघडू नकोस हं. त्या बागकामावर लिहिणाऱ्या बाईंनी अशीच एक उघडली, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ब्लॉगचं दार त्यांना उघडेना.”

लेकीनं पत्र पुसून टाकलं. असं आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हायचं.

सिस्टरांना सगळे सिस्टरच म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात काढली होती. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी जिन्यातले शेजारीसुद्धा त्यांना याच नावानं हाक मारत. त्यांच्या हाताला एक काम फार चांगलं जमे. महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ द्यायची नाही, आणि झालीच तर ती भरून काढायची. निवृत्तीनंतरही ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक फोन करून विचारत राहिले. प्रत्येकाला तेच तेच सांगून आईचा घसा बसतो हे बघून लेकीनं एक दिवस ब्लॉग काढून दिला. त्याचं नाव ‘कूस’. पेशंटची कूस दर दोन तासांनी बदला, हे वाक्य सिस्टर प्रत्येक लेखात या ना त्या निमित्तानं लिहीतच. लेकीनं वरच्या कोपऱ्यात त्यांचा पांढऱ्या गणवेशातला फोटो लावला. “चेहरा दिसला की लोकांना भरवसा वाटतो,” ती म्हणाली होती.

भरवसा वाटला खरा. वाचक वाढले, आणि त्यांच्या मागोमाग जाहिरातवाल्यांची पत्रंही वाढली. सिस्टरांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. वॉर्डात औषधं खपवायला येणारे विक्रेते त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले होते. जो आल्या आल्या कौतुक सुरू करतो त्याच्या बॅगेत बघण्यासारखं काही नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पत्र आलं की त्या आधी बघत, नाव घालून लिहिलंय की नुसतंच ‘प्रिय ब्लॉगर’. मग पत्ता अक्षर अक्षर लावून वाचत. एकदा एका नावाजलेल्या कंपनीच्या नावात एक अक्षर दोनदा आलेलं त्यांनीच पकडलं होतं. लेकीच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

पण एका मलमाच्या कंपनीचं पत्र तसं नव्हतं. त्यात त्यांचं नाव होतं, टाचेच्या जखमेवरच्या लेखाचा उल्लेख होता, आणि खाली फोन नंबर होता. दोन दिवसांनी त्या नंबरवरून एका मुलीचा फोनही आला. आवाज मोठा गोड.

“मॅडम, तुमच्यासारख्या अनुभवी व्यक्तीनं दोन शब्द लिहिले तर किती पेशंटचं भलं होईल!”

“मलमात काय काय आहे?”

“नैसर्गिक घटक आहेत, मॅडम.”

“विषसुद्धा नैसर्गिक असतं, बाळा. परवाना नंबर काय?”

मुलीनं नंबर दिला, मागाहून कागदाचा फोटोही पाठवला. आणि लेखात काय यायला हवं त्याचा मजकूरही. तो वाचून सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. ‘हे मलम लावल्यावर रुग्णाला वारंवार वळवण्याची गरज उरत नाही.’ त्याखाली सूचना होती, ही जाहिरात आहे असा उल्लेख लेखात कुठेही नसावा.

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या रुग्णालयात गेल्या. औषधभांडारातल्या कारकुनाला तो परवाना नंबर शोधायला लावला. तो भांडी घासायच्या साबणाच्या कारखान्याचा निघाला.

संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “तू कधी कुणाला कुशीवर वळवलंयस?”

“मॅडम, मी मार्केटिंगला आहे.”

“मग हे असलं मलम विकायच्या कामात राहू नकोस. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.”

लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिची नोकरी तीन महिन्यांपूर्वी सुटली होती. “त्यांनी दर महिन्याला पैसे द्यायचं कबूल केलं होतं ना गं?” ती म्हणाली. “दर वेळी तुझं आपलं नाहीच.”

“साबण आहे तो.”

“माहितीये. मी नुसतं म्हटलं.”

सिस्टरांनी त्या आठवड्यात एक वेगळा लेख लिहिला. अशी पत्रं ओळखायची कशी, कुठला नंबर कुठे तपासायचा, घाई करणाऱ्याला काय विचारायचं. वाचकांना सावध करणं त्यांना आपलं काम वाटलं. तो लेख साठेक लोकांनी वाचला. त्यांच्या बाकीच्या लेखांच्या मानानं काहीच नाही.

दीड महिन्यानं एका अनोळखी वाचकाचं पत्र आलं. अक्षरं जपून एकेक टिपून लिहिल्यासारखी भाषा. ‘आदरणीय सिस्टर, आपण सांगितलेले मलम पत्नीच्या पाठीला एकवीस दिवस लावत आहे. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. एकदाही वेळ चुकवलेली नाही. जखम आता काळी पडली असून वास येतो. आणखी किती दिवस लावावे, कृपया कळवावे.’

सिस्टरांनी ते उभ्यानं वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसल्या. लेकीनं शोधाशोध केली. पाचच मिनिटांत पान सापडलं. वर सिस्टरांचा गणवेशातला फोटो. खाली त्यांचीच वाक्यं, त्यांच्याच लेखांतून जशीच्या तशी उचललेली. हवेची गादी कशी निवडावी, चादरीला सुरकुती का नको, सगळं बरोबर. वाचता वाचता माणूस मान डोलावू लागतो तेवढ्यात ते वाक्य येत होतं, की आता वारंवार वळवण्याची गरज उरत नाही. खाली त्यांची सही. सहीसुद्धा बरी जमवली होती. पान कितीजणांनी पाहिलं तो आकडा कोपऱ्यात होता. लेकीनं तो हातानं झाकला, पण सिस्टरांनी वाचलाच होता.

पत्राखाली दिलेल्या नंबरवर त्यांनी त्या माणसाला फोन लावला. मलम ताबडतोब बंद करा, बाईंना कुशीवर वळवा, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या, असं सांगितलं.

“वळवायचं?” तो म्हणाला. “पण तुम्हीच तर लिहिलंय, गरज नाही म्हणून.”

“ते मी लिहिलेलं नाही हो. माझ्या नावानं दुसऱ्या कुणीतरी—”

“फोटो तुमचाच ना?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “फोटो माझाच आहे.”

त्यांनी पत्ता विचारला. दोन बस बदलून त्या दुपारी तिथं पोहोचल्या.

घर दोन खोल्यांचं. माणूस सत्तरीचा, बारीक अंगाचा, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला. टेबलावर कापसाचे बोळे एकाच मापाचे करून ठेवले होते, कात्री उकळून फडक्यात गुंडाळलेली. स्वच्छता अशी, की वॉर्डातल्या नव्या मुलींना आणून दाखवावी. भिंतीवर कागद चिकटवला होता, त्यावर तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे बरोबरच्या तीन खुणा. एकही रकाना रिकामा नव्हता.

बाई अर्धांगवायूनं पडल्या होत्या. बोलणं गेलेलं, उजवी बाजू लुळी. सिस्टरांनी त्यांचं नाव विचारलं आणि नावानं हाक मारून म्हणाल्या, “मी सिस्टर. तुम्हाला जरा वळवते हं.”

बाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग तोंडाची डावी बाजू हलली. त्या हसत होत्या.

“ओळखलं तिनं तुम्हाला,” घड्याळजी म्हणाले. “मलम लावायच्या आधी मी रोज फोनमध्ये तुमचा फोटो दाखवायचो. त्याशिवाय ही हात लावू देत नव्हती.”

सिस्टरांनी त्यांना वळवलं. पट्टी सोडवताना बाईंच्या डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. बोटं रुतत होती. जखम तळहाताएवढी होती आणि खोल. आत हाड दिसत होतं. एकवीस दिवसांपूर्वी ती रुपयाएवढी होती, घड्याळजींनी सांगितलं. नुसती लालसर. रुपयाएवढी लाल जखम सिस्टरांनी शेकड्यांनी भरून काढली होती. औषधाशिवायसुद्धा, नुसतं दोन-दोन तासांनी वळवून.

“काका,” त्या म्हणाल्या, “रुग्णवाहिका बोलवा.”

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं जखम बघून ओठ मिटले. बाहेर येऊन तो सिस्टरांशी हलक्या आवाजात बोलला, आपल्यातल्या माणसाशी बोलावं तसा. जखमेतलं विष रक्तात गेलं होतं. सिस्टर रोज जात राहिल्या. घड्याळजींना त्यांनी वळवायचं शिकवलं. एक हात खांद्यामागे, एक नितंबाखाली, ओढायचं नाही, उचलून फिरवायचं. दुसऱ्याच दिवशी त्यांना ते उत्तम जमायला लागलं. दर दोन तासांनी ते उठत आणि एक क्षण न चुकवता बाईंना वळवत. नवव्या दिवशी पहाटे बाई गेल्या.

मधल्या काळात सिस्टर तक्रार नोंदवायला गेल्या होत्या. टेबलामागच्या हवालदारानं अर्ज पुढे ओढला.

“तुमचं काय गेलं, मॅडम?”

“माझं नाव वापरलंय.”

“ते कळलं. पण गेलं काय? वस्तू, रक्कम?”

“एक बाई मरायला टेकल्यात.”

“त्या तुमच्या कोण?”

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं ‘नातेसंबंध’ या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि कंपनीचा पत्ता विचारला. पत्ता कुठेच नव्हता. त्या मुलीचा नंबर कधीच बंद झाला होता. तक्रारीनंतर अकरा दिवसांनी ते पान दिसेनासं झालं, आणि त्याच आठवड्यात तसंच पान दुसऱ्या नावानं उघडलं. मलमाच्या डबीचा रंग तेवढा बदलला होता. फोटो तोच. सिस्टरांनी ब्लॉगवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की हे माझं नाही, मी असं कधीही सांगणार नाही. त्याखाली पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘सिस्टर, हे मलम कुठे मिळेल?’

लेकीनं विचारलं, “ब्लॉग बंद करूया का आपण?”

“बंद केला तर खोटा तेवढा उरेल.”

“आणि चालू ठेवला तर?”

सिस्टरांनी नवा लेख लिहायला घेतला, पण पहिल्या वाक्यापुढे तो गेला नाही. आपण लिहू ते उद्या कुणीतरी उचलणार आणि त्याच्या शेवटी स्वतःचं विष लावणार, हे मनातून जाईना. जितकं चांगलं लिहावं तितकं त्यांचं मलम खपणार. दोन आठवडे कोरं पान उघडून त्या बसत आणि मिटून उठत. पुढे बसणंही सुटलं.

बाईंना जाऊन महिना झाला असेल. एका दुपारी घड्याळजी दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हातात कापडी पिशवी.

“त्रास देत नाही ना, सिस्टर?”

“या ना, काका. बसा.”

ते बसले. पाणी प्यायले. पिशवीतून त्यांनी मलमाच्या चार न उघडलेल्या डब्या काढून टेबलावर एका ओळीत लावल्या. “घरात ठेववत नाहीत. आणि कचऱ्यात टाकल्या तर कुणीतरी उचलून वापरायचं. तुम्हाला माहीत असेल कुठे टाकायच्या ते.”

“मी बघते.”

“तुमचा दोष नाही, हे कळलंय मला. तुमची मुलगी रुग्णालयात आली होती त्या दिवशी तिनं सगळं समजावलं. मीच बघायला हवं होतं नीट. घड्याळ उघडलं की आतलं अस्सल काय आणि बनावट काय ते मी डोळे मिटून सांगायचो.” त्यांनी एक डबी ओळीत सरळ केली. “त्या पानावर सगळं तुमचंच होतं हो. एकच वाक्य तेवढं नव्हतं.”

सिस्टर खाली बघत राहिल्या. अशा वेळी नातेवाइकांशी काय बोलायचं ते त्यांना एकतीस वर्षं येत होतं.

घड्याळजी उठले, दाराशी गेले, आणि चपला घालता घालता वळले.

“एक विचारू? डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं. तिला दुखत होतं का? म्हणजे ते सगळं होत असताना, घरी. बोलता तर येत नव्हतं तिला.”

सिस्टरांच्या मनगटावरचे वळ केव्हाच गेले होते. तरी त्यांचा दुसरा हात त्या जागेवर गेला.

“नाही, काका,” त्या म्हणाल्या. “तेवढ्या खोल गेलं की त्या जागेला काही कळत नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

त्यांनी सिस्टरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग हळूहळू मान हलवली, दोन्ही हात जोडले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. सिस्टर त्यांचा पाय शेवटच्या पायरीवरून उतरेपर्यंत दारात उभ्या होत्या.

लेक बाहेरून आली तेव्हा डब्या अजून टेबलावरच होत्या.

“कोण येऊन गेलं गं?”

“पेशंटचे नातेवाईक,” सिस्टर म्हणाल्या, आणि हातमोजे चढवून त्यांनी रिकामी करायला पहिली डबी उघडली.