ऐन वेळी होर्स्ट

ये गं मुक्ता, अशी जवळ बस. बुवांचा मृदंग सुरात लागेपर्यंत तुला आमच्या ह्यांची कथा सांगते. कीर्तनासारखी रंगायची नाही, माझा संतापच जास्त आहे तिच्यात.

प्रतापराव दिवसा इंजिनिअर आणि उरलेला वेळ इथल्या न्युरेम्बर्गच्या एका बेसबॉल क्लबचे मॅनेजर. पुण्यात ह्यांनी बेसबॉल डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता! पण तळाला लोळणारा क्लब ह्यांनी दोनदा वरच्या लीगमध्ये चढवला. पेपरात फोटो, लोकांच्या टाळ्या, आणि दर रविवारी देवापुढे मी एकटीच.

ह्यांचा एक हट्ट. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला दर सामन्यात एकदा तरी बॅटिंग मिळालीच पाहिजे. त्यामुळे भर पावसातही सरावाला सगळे हजर असतात, हे मीही कबूल करते.

गेल्या वर्षीची फायनल. जिंकलो तर थेट बुंडेसलीगा, म्हणजे इथली सगळ्यांत वरची लीग. शेवटचा डाव, दोन बाद, तिसरा गेला की खेळ खलास, एक रन कमी, तिन्ही बेसवर आपली माणसं. एक फटका बसला की झालं. आणि बॅटिंगला कोण? आमचा लेक अनय, टीममधला सर्वांत तगडा.

तेवढ्यात हे अनयला बाहेर बोलावतात आणि बाकावरच्या होर्स्टला पाठवतात. होर्स्ट म्हणजे मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे आजोबाच. आणि ह्या खेळात एकदा बाहेर काढलेला त्या सामन्यात परत येत नाही.

"पापा, नाइन! नको!" अनय किंचाळला.

मी जाळीमागून ओरडले, "अहो, आत्ता? आधी का नाही पाठवलंत?"

"गुडघा दुखत होता त्याचा. आता बरा आहे म्हणतो."

"अहो, नवख्या टाळकऱ्यालाही उभं करतात कीर्तनात, पण ऐन गजरात त्याच्या गळ्यात मृदंग अडकवत नाहीत!"

"शोभना, त्याचं खेळणं राहिलंय."

होर्स्टने तीनदा बॅट फिरवली. तिन्ही वेळा हवेत, आणि तीन हुकले की बाद. संपलं.

अनय आठवडाभर बापाशी बोलला नाही. मी रागारागाने पोळ्या लाटल्या, एक गोल होईल तर शपथ. मग क्लबच्या अध्यक्षांनी सभा बोलावली. "हा नियम सोडा, नाहीतर मॅनेजरपद सोडा."

हे म्हणाले, "मग पद सोडतो."

माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं घातली, आणि दोन शब्दांत सोडतो म्हणे!

होर्स्ट उठला. "मला काढा. ह्यांना राहू द्या."

त्याच्यामागून अनय उठला. मला वाटलं, आता हा बापाला धुऊन काढणार. तर हा अध्यक्षांना जर्मनमध्ये म्हणतो, "आल्झो, हे बघा, बॅट माझ्या हातातून गेली, तुमच्या नाही. मी तक्रार करत नाही, तर तुम्ही कशाला करता? आणि होर्स्ट जाणार असेल तर मीही जातो."

एकेक करत सगळी टीम उभी राहिली. अध्यक्ष गुमान बसले, आणि ह्यांचं पद राहिलं.

यंदा तोच नियम पाळून आम्ही बुंडेसलीगात गेलो. हे घरी येऊन विचारतात, "आता तरी पटलं?" अजिबात नाही! फायनल ती फायनल.

बाई, बुधवारी होर्स्टच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ह्यांनी पुढच्या सीझनच्या टीममध्ये त्याचं नाव आत्ताच घातलंय, काय बोलणार! पण तू देवापुढे हात जोडशील ना, तेव्हा होर्स्टची आठवण ठेव हं.